गळकं मडकं

परवा स्मशानात कोऱ्या मडक्यावर पाणी पडल्याचा वास आला आणि मी थेट चिखलीच्या त्या उन्हात जाऊन पोचले. पंचावन्न-छप्पन साल असेल. लग्न होऊन मी नुकतीच कोकणातून आले होते आणि इथल्या मुरमात मोगरा कसा जगवायचा, ते मला ठाऊक नव्हतं. शेजारच्या सरूकाकू म्हणाल्या, "मुळापाशी मडकं गाडून ठेव. पानी आपसूक झिरपतंय."

माझा त्या झिरपण्यावर विश्वास बसेना. मी मडक्याला खिळ्यानं भोकच पाडलं. कारखान्यातून आलेल्या ह्यांनी ते भरून खांद्यावर घेतलं आणि मोगऱ्याच्या आळ्याभोवती धार धरत फिरू लागले. तापलेली माती चर्र वाजत होती. तेवढ्यात काकू पिठाच्या हातांनी धावत आल्या.

"आरं ठेव, ठेव खाली! असलं मडकं घेऊन फिरू न्हाई!"

हे हसत सुटले. मलाही हसू आलं. स्मशान मी तोवर पाहिलंच नव्हतं.

परवा मुलगा तसंच गळकं मडकं खांद्यावर घेऊन ह्यांच्याभोवती फिरला. मी कान देऊन उभी होते, कुणीतरी ओरडेल म्हणून, ठेव खाली.