मामांची कमान

माझ्या बायकोचे मामा देवळात गेले, तर नवसाचे पाच नारळ तीनावर आणून आणि देवालाही थोडं तोंड पाडायला लावूनच परततील, याबद्दल नाशिक जिल्ह्यात कुणाला शंका नाही. तोडगा काढणं हा त्यांचा धंदा नव्हे, प्रकृती आहे. घरात मामींना मालिका हवी असते आणि मुलाला क्रिकेट. मामा आवाज बंद करून बातम्या लावतात. मिसळ खायला बसले की समोरच्याला झणझणीत हवी आणि स्वतःला पथ्य, म्हणून दोघांसाठी मध्यम रस्सा मागवतात, जो दोघांनाही आवडत नाही. "दोघंबी थोडं तोंड पाडून उठले पाहिजेत," ते सांगतात. "एक जण हसत उठला का समजायचं, तोडगा नासला."

आमच्या गावच्या नगरपरिषदेत ते सत्ताधारी गटाचे नेते होते आणि मी, मतदारांच्या कुठल्याशा गैरसमजातून निवडून आलेला, विरोधी नगरसेवक. माझ्या प्रभागात, टेकडीवर, नळाला पाणी चढत नव्हतं. टाकी बांधायची तर कर्ज काढावं लागणार. कर्ज फेडायचं तर घरपट्टी वाढणार. आम्हा विरोधकांना टाकी हवी होती, कर्ज नको होतं आणि घरपट्टीचं तर नावही नको. सत्ताधाऱ्यांना कर्ज चालत होतं, पण करवाढीचं पाप दुसऱ्याच्या माथी हवं होतं. मामांना शिवाय आणखी एक गोष्ट हवी होती: गावाच्या वेशीवर दगडी स्वागतकमान. तीन निवडणुका ते तिचंच आश्वासन देत आले होते. खांबांचे दोन खड्डेही खणून तयार होते.

शेवटी मध्यम रस्स्यावर तोडगा निघाला. कर्ज घ्यायचं, घरपट्टीची वाढ निम्मी करायची, कमान ठेवायची. आणि आम्ही जोरदार निषेध करून सभात्याग करायचा. म्हणजे लोकांत आम्हाला तोंड दाखवता येईल आणि आमच्या मागे त्यांचे नऊ जण अंदाजपत्रकाचा ठराव मंजूर करतील. सभा चालायला कमीत कमी नऊच लागत होते.

"जावईबापू, भाषण तुम्ही करा," मामा म्हणाले. "तुमचं कोणी ऐकत नाय."

मी तीन दिवस आरशासमोर तालीम केली. सभेत घरपट्टीखाली वाकलेल्या एका म्हातारीचं असं वर्णन केलं की मलाच ती खरी वाटायला लागली. अंदाजपत्रकाचं पुस्तक टराटरा फाडलं आणि बाहेर पडलो. मागे वळून पाहतो तर आमच्या माणसांच्या मागून सत्ताधाऱ्यांचेही दोघे डोळे पुसत येताहेत! माझ्या भाषणाचा कुणावर परिणाम झाल्याची आयुष्यातली ही एकमेव नोंद. आत उरले सात. अंदाजपत्रक मंजूर करायचा तो शेवटचा दिवस होता. माझी टाकी मीच बुडवली होती.

मामा व्हरांड्यात आले.

"मी परत आत येतो," मी म्हणालो.

"काय घेऊन? फाटकं पुस्तक?" आणि ते त्या दोघांकडे वळले. "बोला, काय पाहिजे?"

"मामा, लोकं दारात उभं नाय करणार," त्यातला एक म्हणाला. "वाढ पाव करा."

"आन मग हप्त्याला पैसे कुठून?"

मामांनी पेन काढलं, हातातल्या अंदाजपत्रकात कमानीच्या ओळीवर रेघ मारली आणि म्हणाले, "चला आत."

ते दोघे हसत गेले. मीही हसत होतो. "मामा, आम्ही तिघंही हसतोय," मी म्हणालो. "तोडगा नासला की."

"तोंड पाडायला मी हाय ना," ते म्हणाले आणि आत गेले.

टाकी झाली. पुढच्या निवडणुकीत टेकडीने मला पुन्हा निवडून दिलं, आणि 'कमान कुठंय?' असं विचारत गावाने मामांना घरी बसवलं. मामांनी कुणालाही काही सांगितलं नाही. मीही, खरं सांगायचं तर, नाही.

आता डोळे तपासायला त्यांना नाशिकला मीच नेतो. परतताना वेस आली की मामा बोलता बोलता थांबतात, काच खाली करतात आणि मान बाहेर काढून वर बघतात. वर आभाळाशिवाय काही नसतं. मी तिथे गाडी हळू करतो. पूर्वी खड्ड्यांमुळे करायचो. खड्डे तर केव्हाच बुजवलेत.