त्याच्या वाट्याचा दोर

मला आजही त्या गाठीपेक्षा तिच्या आजूबाजूच्या पेशींचा जास्त राग येतो. गाठ ती गाठच, तिच्याकडून कसली अपेक्षा? पण डॉक्टरांनी कागदावर रेघोट्या मारून समजावलं, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. विचार करणाऱ्या पेशींना सांभाळायला मेंदूत दुसऱ्या पेशी असतात. अन्न पुरवायचं, कचरा उचलायचा, जखम झाली की भरून काढायची, हे त्यांचं काम. माझ्या धाकट्या भावाच्या डोक्यातल्या गाठीने त्यांनाच राबवून घेतलं होतं. त्या तिला खाऊ घालत होत्या, पसरायला वाट करून देत होत्या.

"म्हणजे कुंपणच शेत खातंय," मी म्हणाले.

"त्यांना ते कळत नाही हो," डॉक्टर म्हणाले. "त्या आपल्या परीने जखमच भरतायत."

कळत नाही! हायस्कूलात विज्ञान शिकवते मी, मला तरी कुठे कळलं होतं?

भाऊ रापणीवर जायचा. जाळं समुद्रात सोडून त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचे, ती रापण. तिथली रीत अशी की एखाद्याच्या अंगात जोर नसला तर शेजारच्याने त्याच्या वाट्याचं ओढायचं आणि त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. म्हाताऱ्यांची अब्रू त्या रीतीने राखली जाते. माझ्या भावाच्या उजव्या हातातला जोर गेला तेव्हाही तेच झालं. तांडेलाने, म्हणजे रापणीच्या म्होरक्याने, त्याला मागे दोर गुंडाळायला बसवलं. घरी आई मासळीचे काटे काढून ताट देऊ लागली. दोन महिने सगळ्यांना दिसत होतं आणि कोणी बोललं नाही. शेवटी त्याला वाळूतच फिट आली.

मी तांडेलाला जाब विचारला, तर म्हणतो, "तुका कशाक सांगूचा गो? अशक्तपणा आसतलो असा वाटला. आपलो माणूस तो, सांभाळूक नको?"

सांभाळलंत! असे सांभाळणारे असल्यावर वैरी हवेत कशाला?

गोव्यात ऑपरेशन झालं. गाठ बरीचशी निघाली, सगळी नाही. ती पुन्हा वाढू शकते, हात जरा जरी ढिला पडला तर त्याच दिवशी कळवा, असं डॉक्टरांनी बजावलं. मी घरात कायदाच केला: त्याच्या उजव्या हाताचं काम कोणी करायचं नाही. आईने एकदा काटे काढायला घेतले, तर मी तिच्या हातातून ताट ओढून घेतलं. ती रडली. मला वाईट वाटलं, पण ताट काही मी परत दिलं नाही.

चार महिन्यांनी तो हट्टाने रापणीवर गेला. शनिवार होता. सकाळची शाळा सुटल्यावर मी थेट किनाऱ्यावर पोचले, तर माझ्या डोळ्यांदेखत दोर त्याच्या उजव्या हातातून सुटला. तांडेल गुपचूप सरकून त्याच्या जागी उभा राहिला आणि मी काही विचारायच्या आतच म्हणाला, "काय नाय गो, पाय घसरलो तेचो."

मग माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. वयाने बापासारखा माणूस, पण मी त्याला वाट्टेल ते बोलले. तुमची ही मायाच माझ्या भावाला खाणार आहे, तोंडं शिवलीत का तुमची, असं बरंच काही. माणसं दोर धरून खाली मान घालून ऐकत होती.

"बाय, गप रव," भाऊ म्हणाला. तो चिडला नव्हता. "आठ दिस झाले, सकाळी माझ्या शर्टाची बटना कोण लायता?"

मीच. तो चाचपडत बसायचा आणि मला शाळेला उशीर व्हायचा, म्हणून पटापट मीच लावत होते.

मी तिथेच वाळूत बसून फोन लावला.

"कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

"आठ दिवस," मी म्हणाले.