संतोषची बंदी आणि समोरच्या टीमचा गोलकीपर

मंडळी, आज दुपारी आमच्या भुकूमच्या घरात चक्क सुनावणी झाली.

माझा दीर संतोष व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये खेळतो. गेल्या सामन्यात त्यानं समोरच्या टीमच्या एकाला ढकललं, म्हणून त्याच्यावर तीन सामन्यांची बंदी आली. त्या खेळाडूनं आधी आईवरून शिवी दिली होती, पण रेफ्रींनी फक्त धक्का पाहिला. गावी मुठ्याला रेंज मिळत नाही, म्हणून बंदीविरुद्धच्या ऑनलाइन अपिलाच्या वेळी संतोष माझ्या लॅपटॉपसमोर बसला होता.

लीगच्या समितीनं विचारलं, "शिवी कोणी ऐकली?"

समोरच्या टीमनं त्यांच्या बाजूनं बोलायला त्यांचा गोलकीपर आणला होता. तोच म्हणाला, "मी ऐकली, सर. आमच्याच खेळाडूनं दिली."

संतोषची बंदी एका सामन्यावर आली. शिवी देणाऱ्यालाही एक सामना बाहेर बसवलं. मी खूश झाले, पण संतोष शांतपणे म्हणाला, "धक्का तर मी दिलाच की वहिनी, एक मॅच बसतो. पर त्या गोलकीपरला उद्या सरावाला त्या शिवी देणाऱ्याच्याच संगं उतरायचंय."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

खरं सांगा, त्या गोलकीपरच्या जागी तुम्ही असता, तर बोलला असता?