माझ्या चार चिठ्ठ्या

माझ्या नावाआधी ‘डॉक्टर’ कसं लागलं हे मी सहसा सांगत नाही. पण तुम्ही चहा पाजलाय आणि हसणार नाही म्हणून शब्दही दिलाय. दुसरं तुम्हाला जमणार नाही, तरी ऐका.

माझा विषय होता क्यूबेक. कॅनडातला फ्रेंच बोलणारा प्रांत. तिथला समाज, राजकारण आणि निसर्ग, असा तिन्ही बाजूंनी मी त्याला सात वर्षं धरून बसलो होतो. गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये पंखा पाचावर ठेवून मी तिथल्या बर्फावर लिहायचो. फ्रेंच लोकांनी आपली भाषा कशी जपली यावर माझी दीडशे पानं आहेत, सगळी इंग्रजीत. फ्रेंच मला येत नाही. आणि हो, माझी मुलगी इंग्रजी शाळेत आहे. आता हसायचं तर हसून घ्या.

आमच्याकडे पीएचडीची शेवटची तोंडी परीक्षा खुली असते. कोणीही यावं, कोणीही प्रश्न विचारावा. पण क्यूबेकवर प्रश्न विचारायला नाशकात येतंय कोण? म्हणून उमेदवार आपलीच माणसं आणतो, आपलेच प्रश्न त्यांच्या हातात देतो आणि उत्तरं पाठ करून जातो. सगळ्यांना हे ठाऊक असतं. परीक्षकांनाही असतं, कारण त्यांनीही तेच केलेलं असतं. वडे, पेढे, शाल, नारळ, फोटो, की झाला डॉक्टर.

मला ती पदवी हवीच होती. पीएचडी झाली तर नोकरी कायम, नाहीतर पुढच्या जूनपासून घरी बसा, असं कॉलेजने स्वच्छ सांगितलं होतं. पण माझा आत्मविश्वास काय विचारता! सोसायटीच्या गेटवर ‘डॉ. विलास यांचे हार्दिक अभिनंदन’ असा फ्लेक्स आदल्या दिवशीच लागला होता. खाली लिहिलं होतं, शुभेच्छुक मित्रपरिवार. तो मीच लावला होता.

तर मी चार चिठ्ठ्या केल्या. पहिली बायकोला, प्रतिभाला: फ्रेंच भाषा कशी टिकली? दुसरी कॉलेजातल्या एका सहकाऱ्याला: एवढ्या थंडीत वीज कुठून येते? तिसरी शेजारच्या काकांना, ते ओझरच्या कारखान्यातून रिटायर झालेत: क्यूबेक वेगळा देश का झाला नाही? आणि चौथी सटाण्याच्या मामांना. तिथे मेपलच्या झाडाला भोक पाडून गोड रस काढतात, तर त्याने झाड मरत नाही का? मामा शेतकरी माणूस, त्यांना झाडाचा प्रश्न शोभेल, असा माझा विचार. उत्तरं मी एक ते चार अशी आरशासमोर घोटली होती. झोपेत उठवलं असतं तरी ओळीने म्हटली असती. तीच तर भानगड झाली.

परीक्षेच्या दिवशी मामांना दुपारच्या लिलावाला परत पोचायचं होतं. कांद्याची गाडी मार्केटात उभी करून आले होते. त्यामुळे ‘कोणाला प्रश्न?’ म्हटल्याबरोबर मामा उठले आणि चिठ्ठी वाचून मोकळे झाले. झाड मरत नाही का?

माझ्या कानावर काय पडलं देव जाणे. पहिला प्रश्न आला, एवढंच डोक्याला कळलं. म्हटलं, “फार मार्मिक प्रश्न. यासाठी तिथल्या सरकारने कडक कायदा केला. आता दुकानाच्या पाट्यासुद्धा फ्रेंचमध्येच मोठ्या लागतात.”

आणि काय सांगू, सगळे माना डोलवत होते. आपल्याकडे समजलं नाही की माणूस जास्त जोरात मान डोलावतो.

मग प्रतिभा उठली. भाषा कशी टिकली? मी लगेच, “नद्यांवर प्रचंड धरणं बांधून.” ती माझ्याकडे बघतच राहिली. मला वाटलं, कौतुकाने बघतेय. सहकाऱ्याने विचारलं, वीज कुठून येते? मी सांगितलं की त्यावर दोनदा सार्वमत झालं, दोन्ही वेळा लोकांनी नको म्हटलं, दुसऱ्यांदा तर अगदी थोडक्यात. माझ्या मार्गदर्शक मॅडम खुणा करत होत्या. मी त्यांना हसून नमस्कार केला. परीक्षक सर वडा खाता खाता फॉर्मवर सह्या करत होते, त्यांची मान खालीच. दोन सह्या बाकी होत्या हो!

काकांनी विचारलं, वेगळा देश का झाला नाही?

“भोक लहान पाडलं आणि दरवर्षी जागा बदलली, तर काही होत नाही,” मी म्हणालो. “जखम आपोआप भरून येते.”

काकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना ते फार पटलं.

एवढ्यात दाराशी चपला घालत असलेले मामा थांबले. लिलाव विसरून परत आत आले आणि चिठ्ठी वर धरून आपल्या अहिराणीत म्हणाले, “भाचा, हाई मनं उत्तर शे. मनी चिठ्ठी चार नंबरनी शे.”

सरांचं पेन थांबलं. त्यांनी चिठ्ठी मागून घेतली आणि चष्मा लावून मोठ्याने वाचली. माझंच अक्षर. प्रश्नाखाली मी मामांसाठी सूचना लिहिली होती, तीही त्यांनी वाचली: हळू वाचा. मध्ये एकदा थांबा.

सगळी खोली हसली. प्रतिभासुद्धा हसली, हे मी अजून विसरलेलो नाही. मला तर जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी मामांना विचारलं, “तुमचा स्वतःचा काही प्रश्न आहे का?”

मामांनी जरा विचार केला. “तिथल्या कोण्या झाडवाल्याशी बोलला का हा, सात वर्षांत?”

मी म्हणालो, संदर्भग्रंथांच्या यादीत...

“म्हणजे नाय,” मामा म्हणाले आणि लिलावाला गेले.

निकाल लांबला. तीन महिन्यांत तिथल्या माणसांशी बोला, झाडांचं प्रकरण नव्याने लिहा, मग बघू, असं सर म्हणाले. पेढे आम्ही घरीच आठवडाभर खाल्ले. फ्लेक्स मी गुपचूप काढायला गेलो, तर वॉचमन म्हणाला, “साहेब, राहू द्या की, ‘डॉ.’वर कागद चिकटवतो.” आणि चिकटवलाही.

मग शोधाशोध करून तिथला एक म्हातारा मेपलवाला गाठला. आपली संध्याकाळ, त्याची सकाळ, व्हिडिओ कॉल. तो फ्रेंचमध्ये बोलायचा आणि त्याची सून ते मला इंग्रजीत सांगायची. मी वही उघडून तयार. पण त्यानेच आधी विचारलं, तुम्ही कुठले? मी ऐटीत सांगितलं, नाशिक, द्राक्षांचं गाव. म्हातारा एकदम खुलला. त्यानेही चार वेल लावले होते. म्हणाला, आमचा वेल बर्फात झोपतो. तुमच्याकडे तर बर्फ नाही, मग तुमचा वेल झोपतो कधी? छाटता कधी?

मी जन्मल्यापासून नाशकात राहतो. घरापासून पाच मिनिटांवर द्राक्षबाग आहे, रोज गाडीवरून तिच्याशेजारून जातो. त्या म्हाताऱ्याच्या गावच्या नद्या मला तोंडपाठ होत्या. वेल कधी छाटतात, ते काही सांगता येईना.

शेवटी दुसऱ्या फोनवरून मामांना लावलं. आणि मग पाऊण तास ते दोघेच बोलत होते. हे अहिराणीत, तो फ्रेंचमध्ये, मधे त्याची सून आणि मी, दोघं नुसते हमाल. नवं प्रकरण त्यातूनच झालं. सरांनी अहवालात लिहिलं की अख्ख्या प्रबंधात माणूस भेटतो तो इथेच. सह्या झाल्या, पदवी मिळाली, नोकरी राहिली.

मामांनी सटाण्याला माझा सत्कार ठेवला. भाषणाला उठलो तेव्हा शाल सारखी करायच्या निमित्ताने त्यांनी माझ्या मुठीत एक चिठ्ठी कोंबली. मी चष्मा लावून वाचली.

‘वेल वर्षातून दोनदा छाटतात. उन्हाळ्यात खरड छाटणी, नंतर फळछाटणी. हळू वाच. मध्ये एकदा थांब.’

समोर सगळे बागायतदार बसले होते. मी सगळं वाचून दाखवलं, सूचनांसकट.