पाण्यापाशी संपणारी पायवाट

१४ मे २०२३. सर्वांनी मिळून घडवलेल्या ऑनलाइन नकाशाच्या बदलांच्या इतिहासात त्या दिवशी धुळे जिल्ह्यात तापीचे पात्र ओलांडणारी एक पायवाट नोंदलेली दिसते. नोंद करणाऱ्या सुगंधाबाई पाटील या निवृत्त परिचारिका. ही त्यांची पहिलीच नोंद.

जळगावात पिंप्राळ्याला राहणाऱ्या कामिनी भारंबे नवशिक्यांच्या नोंदी तपासतात. त्यांनी फोन केला.

"अक्का, ही वाट तुम्ही पाहिली आहे ना?"

"पाहिली? मी तिच्यावरूनच माहेरी जायची! उन्हाळ्यात पात्रात डांगर-टरबुजांच्या वाड्या असायच्या. माले बठ्ठं, सगळं ठाऊक शे, पोरी!"

"शेवटची कधी गेलात?"

सुगंधाबाई बोटांवर वर्षे मोजू लागल्या.

पुढच्या रविवारी दोघी काठावर उभ्या राहिल्या. नदीवर खालच्या अंगाला बंधारा झाल्यापासून पात्र उन्हाळ्यातही भरलेले असते.

"पुसून टाक," सुगंधाबाई म्हणाल्या.

"नोंद तुमची, तुम्हीच दुरुस्त करा. पण आधी पायाखाली बघा."

पायाखाली बैलगाड्यांनी खोल झिजवलेला उतार होता. गुरे अजूनही त्याच उताराने पाण्यावर येत होती. सुगंधाबाईंनी पात्रातली रेघ पुसली आणि उतार तेवढा ठेवला.

"म्हंजे मी माहेरी निघाले, पोचले नाही," त्या हसून म्हणाल्या आणि बराच वेळ पलीकडे पाहत राहिल्या.

नकाशावर ती पायवाट आता पाण्यापाशी संपते. पलीकडच्या काठावर तसाच उतार उरला आहे का, हे अद्याप कोणी जाऊन पाहिलेले नाही; म्हणून तिथे काहीही रेखाटलेले नाही.