माडीवरचा वारा

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, शाळेत तर नाहीच. आता सांगतेय तेही मन हलकं व्हावं म्हणून नाही. थकलेय, बस.

मिरकरवाडा बंदराजवळच्या एका शाळेत मी गेली बावीस वर्षं शिकवतेय. सहावीचा वर्ग माडीवर. खिडकी उघडली की समुद्राचा वारा थेट टेबलापर्यंत येतो. खालच्या खोल्यांत दिवसभर उकाडा आणि सुकत घातलेल्या मासळीचा वास. वास काय, जन्माच्या सवयीचा — पण माडीवर बसून मी जरा शेफारले होते, खरं सांगायचं तर.

रुखसार पाचवीपर्यंत खालीच शिकली. पायांत जोर नव्हता, चाकाच्या खुर्चीतून यायची. साहेब तपासणीला यायच्या आधी घाईघाईने बांधलेला उतार होता, त्यावरून खुर्ची वर्गात सरळ जायची. गणितात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. ती सहावीत आली तेव्हा मुख्याध्यापक मला म्हणाले, बाई, तुमचा वर्ग खाली घेऊ, चौथीला वर पाठवू. एवढंच. बाकं इकडची तिकडे करायची — किती अवघड होतं?

मी म्हटलं, तिच्या आईला तिला घरीच शिकवायचंय.

आईला मी विचारलंही नव्हतं. त्याच दुपारी अर्ज घेऊन तिच्या घरी गेले आणि सांगितलं — अशा मुलांनी आता घरीच शिकायचं, नियम आहे, शिक्षक घरी येतील. कुठला नियम? ज्या मुलांना शाळेत येणंच जमत नाही त्यांच्यासाठीची ती सोय. रुखसार तर रोज येत होती. तिची आई हमीदा, बंदरावर मासे विकते. तिने अर्ज वाचलासुद्धा नाही. "बाई, तुमी सांगताव म्हंजे बरोबरच आसंल," म्हणाली आणि सही केली. रुखसार तिथेच नव्या वह्यांना कव्हरं घालत बसली होती. तिने हातातली वही बाजूला ठेवली.

शिक्षक चार-सहा वेळा तिच्या घरी गेले. मग तेही बंद झालं. मी चौकशी केली का? नाही.

यंदा माझे गुडघे गेले. जिना चढवेना. मुख्याध्यापक आता नवे आहेत. त्यांनी ऐकलं आणि मधल्या सुट्टीत माझा वर्ग खाली आणला. सुट्टी संपायच्या आत बाकं लागलीसुद्धा. मी खुर्चीत बसून नुसती बघत होते. लाज वाटली — फार वाटली, पण तिचा आता कोणाला काय उपयोग?

रुखसार हल्ली आईशेजारी बसून कोळंबी सोलते. मी मासे घ्यायला गेले की हमीदा दोन बांगडे जास्तीचे घालते. या बाई माझ्या पोरीसाठी घरापर्यंत आल्या होत्या, असं शेजारणींना सांगते. परवाही सांगितलं. रुखसारने मान वर केली नाही.

मी पिशवी पुढे धरली.