बिनपाठीचं कपाट

संसार म्हणजे सामान नव्हे, असं सांगत फिरणाऱ्यांच्या घरी सहसा दोन तरी कपाटं असतात. गाठीमास्तरांच्या घरी एकही नव्हतं. कपडे पत्र्याच्या दोन ट्रंकांत, भांडी फळीवर, उरलेलं खुंटीला. आणि हे अशा माणसाच्या घरी, ज्यानं पस्तीस वर्षं लोकांची घरंच्या घरं खोक्यांत भरून दुसरीकडे नेऊन लावली!

सामान हलवणाऱ्या कंपनीत ते पॅकर होते. त्यांनी मारलेली गाठ वाटेत कधी सुटत नसे आणि मुक्कामाला पोचल्यावर एका हिसक्यात सुटे, म्हणून ‘मास्तर’. घर सोडताना लोक निम्मं सामान ‘तुम्हीच घेऊन जा’ म्हणून मागे टाकतात. बाकीचे पॅकर ते आनंदानं नेत. मास्तर हातभर सुतळीही नेत नसत.

“दिवसभर तेच उचलायचं, आणि घरी येऊन पुन्हा तेच बघायचं?” ते म्हणत.

“लोकांची कपाटं डोक्यावर घेऊन नाचता,” बायको म्हणे, “आणि माझे कपडे ट्रंकेत कुबट होतात त्याचं काही नाही.”

हे भांडण तीस वर्षं चाललं. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे मध्ये पडायलाही कुणी नव्हतं.

एक मात्र होतं. मास्तर संध्याकाळी पाचला परतले की दोघं खिडकीशी चहा घेत. समोर एका लॉंड्रीची गच्ची होती, तिच्यावर चादरी वाळत. बायकोला त्या ओळखू येत. “ही हॉटेलची. ही दवाखान्याची. अहो, ती ठिगळाची बघा, तिसऱ्यांदा आली! एवढ्यांदा कोण लोळतं तिच्यावर?” मास्तर “हं” म्हणत. त्यांचे डोळे मिटलेले असत. पण तो आवाज ऐकत बसलं की अंगातला शिणवटा उतरतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तिला मात्र त्यांनी ते कधी सांगितलं नाही. पुरुषांना असली वाक्यं सुचायला कुणीतरी मरणाच्या दारात जावं लागतं.

ती गेली. म्हणजे दारात. फुप्फुसांचं दुखणं होतं, उशिरा कळलं. डॉक्टर म्हणाले, “घरी न्या. त्यांना आवडेल ते करा.”

तिला काय आवडतं? मास्तरांना एकच गोष्ट माहीत होती, तीस वर्षं ऐकलेली.

त्याच आठवड्यात एका मोठ्या बंगल्याचं काम निघालं. म्हातारा मालक वारला होता, वारसांना घर रिकामं हवं होतं. मास्तरांनी जन्मात पहिल्यांदा तोंड उघडलं आणि तीन दारांचं, आरशाचं, भक्कम लाकडी कपाट मागून घेतलं. जिना अरुंद, म्हणून सुटं करून आणलं. ट्रकचा ड्रायव्हर जुना दोस्त, त्यानं फळ्या वर चढवून दिल्या. खोलीत एका बाजूला पलंग, दुसरीकडे ओटा, तिसरीकडे दार. उरली खिडकीची भिंत.

पॅकर माणूस कुठलीही वस्तू जोडतो ती पुन्हा सोडवायची आहे हे धरूनच. स्क्रू बेताचा पिळतो, सरस लावत नाही. पण ही वस्तू आता कुठे जायची नव्हती. मास्तरांनी सांध्यासांध्यात सरस भरला, वर खिळे ठोकले. हौसच ती.

“अगं, उठ. बघ तरी.”

बायकोनं पाहिलं. समोर आरसा, आणि आरशात ती.

“हे काय?”

“कपाट! कपाट कपाट करून डोकं खाल्लंस ना माझं?”

“तेव्हा अंगात जीव होता हो. आता काय ठेवू त्यात, खोकला?” तिला दम लागला. मग म्हणाली, “खिडकी कुठे गेली?”

दिवसभर पडल्यापडल्या ती चादरी बघायची, तेवढंच तिला उरलं होतं, हे मास्तरांच्या लक्षातच आलं नव्हतं.

कपाट सरकवायला जागा नव्हती आणि मास्तरांच्या कंबरेत ताकद. ड्रायव्हर पाच दिवसांच्या लांबच्या फेरीवर गेलेला. मास्तरांनी करवत काढली, तशी शेजारची नर्स धावत आली. “काका, डोकं ठिकाणावर आहे का? हा भुसा काकूंच्या छातीत गेला तर पाच दिवसही नाही काढायच्या!”

करवत ठेवली. सरस सुटेना, खिळे निघेनात. दोन दिवस बायको आरशाकडे पाठ करून भिंतीकडे तोंड वळवून पडली.

तिसऱ्या दिवशी दुपारी मास्तर कपाटाच्या आत शिरले. पाठीला प्लायवूड होतं, तेवढ्याला सरस लावायचं राहिलं होतं. भुसा उडू नये म्हणून ओला फडका धरून त्यांनी एकेक चूक, म्हणजे बारीक खिळा, उपटली, प्लायवूड वाकवून बाहेर ओढलं. तिन्ही दारं सताड उघडली. आरसा भिंतीकडे गेला आणि कपाटातून खिडकी दिसू लागली, फळ्यांनी चिरलेली.

त्यांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. “बघ. कुठली आहे ती?”

“दिसत नाही नीट,” ती म्हणाली. “तुम्हीच सांगा.”

मास्तरांना सांगता येईना. तीस वर्षांत त्यांनी एकही चादर डोळे उघडून पाहिली नव्हती. “पांढरी आहे एक,” ते म्हणाले. “एक... तीही पांढरीच.”

“हं,” ती म्हणाली आणि डोळे मिटले. पाव तास तशीच पडून होती. चेहरा शांत वाटला, पण तो ग्लानीचाही असेल. मास्तरांना ते आजतागायत ठरवता आलेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

ड्रायव्हर परतला तो थेट घरी आला. त्यानं करवतीनं कपाट कापलं, फळ्या खाली नेल्या. भिंत मोकळी झाली.

“मास्तर, बसा खिडकीशी. चहा आणतो.”

“बसून काय करू?” मास्तर म्हणाले. “मला त्यातलं काही कळत नाही.”

ड्रायव्हर चहा आणायला गेला. तो येईपर्यंत मास्तर खोलीच्या मधोमध उभेच होते.